दुखतात सांधे, मग सगळं अंगच का गळून जातं? मेंदू, शरीराची ऊर्जा आणि संधिवात

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने एका चिमुकल्या यंत्राला परवानगी दिली. कॅप्सूलएवढं हे यंत्र शस्त्रक्रिया करून मानेच्या डाव्या बाजूला, तिथून जाणाऱ्या एका मज्जातंतूवर बसवतात. रोज एकदा, मिनिटभर ते त्या मज्जातंतूला विजेची हलकी स्पंदनं देतं. संधिवाताने ज्यांची बोटं, मनगटं, घोटे सुजलेले आहेत आणि आधुनिक औषधांनीही ज्यांना आराम पडत नाही, अशा प्रौढांसाठी ते आहे. दुखणं हाताच्या बोटांत आणि उपचार मानेतल्या नसेवर, हे वाचून कोणीही बुचकळ्यात पडेल.

हे यंत्र विदर्भातल्या खेड्यात उद्या पोचणार नाही. पण ज्या समजुतीतून ते तयार झालं, ती समजूत आजच यवतमाळपासून गोंदियापर्यंतच्या प्रत्येक संधिवाताच्या घरात पोचायला हवी. कारण या आजाराच्या बाया दवाखान्यात सांध्यांबद्दल जेवढं बोलतात, तेवढंच दुसरंही काही सांगतात. "आंगात जीवच नाही राह्यला." "जेवण जात नाही." "रातभर डोया लागत नाही." "मले काहीच करावंसं नाही वाटत." घरच्यांना सुजलेली बोटं दिसतात म्हणून ती पटतात. बाकीच्या तक्रारी मात्र आळस किंवा सोंग ठरतात. वेचणीच्या दिवसांत घरी पडून राहिलेल्या सुनेला काय काय ऐकावं लागतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

ते सोंग नाही. शरीरातली ऊर्जा कोणाला किती मिळायची, हे मेंदू ठरवतो आणि संधिवात नेमका त्या वाटणीत घुसतो. ते कसं, हे सावकाश बघू.

## आधी, कोणता संधिवात?

गावात कुठलाही सांधा दुखला तरी "वात आला" म्हणतात. पण वयोमानाने गुडघ्याची कूर्चा झिजणं वेगळं आणि आपण इथे बोलतोय तो आजार वेगळा. याला डॉक्टर रुमॅटॉइड संधिवात म्हणतात. यात रोगजंतूंशी लढणारी शरीराची संरक्षक यंत्रणा, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणा, स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे, मनगटं, पायाचे चवडे जोडीने सुजतात. सकाळी मूठ मिटत नाही. बायांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट जास्त आढळतो आणि पुष्कळदा ऐन कामाच्या वयात सुरू होतो.

आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघरी पाहणी सुरू केली. त्यात या आजाराचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं. त्या हिशेबाने दोन हजार प्रौढांच्या गावात दहाएक माणसं होतात. म्हणजे हा दुर्मीळ आजार नाही, तुमच्याच आळीत कुणाला तरी असेल. मणक्याचा अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस, ल्युपस, सोरायसिससोबत येणारा संधिवात हे याच घराण्यातले आजार आहेत. पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडतं.

## तलावाचं पाणी आणि वाटणारा माणूस

खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढायची, ती साठवायची, खर्चायची, त्यातून शरीर बांधायचं आणि गरज पडली तर मोडायचं, या सगळ्या रासायनिक कारभाराला चयापचय म्हणतात. हा कारभार पोटात चालतो असं आपल्याला वाटतं. पण त्याचा हुकूम सुटतो मेंदूतून.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे जुने मालगुजारी तलाव आहेत. तलावात पाणी ठरावीक, खाली धानाच्या बांध्या पुष्कळ. सगळ्यांना एकदम सोडलं तर शेवटच्या बांधीपर्यंत काहीच पोचत नाही. म्हणून कोणीतरी उभं राहून आज कोणाची पाळी, किती वेळ, हे ठरवावं लागतं. शरीरात हे काम मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा इवलासा भाग करतो. भूक, तहान, ताप, झोप, शरीराचं घड्याळ, संप्रेरकं अशा सगळ्या फाटकांच्या किल्ल्या त्याच्याकडे आहेत.

त्याला चारी बाजूंनी खबर येत असते. शरीरातली चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडून "साठा एवढा आहे" हे कळवते. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगशाळेने ते शोधलं, तोवर चरबी म्हणजे नुसता साठा असंच मानत होते. आतडं आणि यकृत यांची खबर व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूतून वर जाते. हा तंतू मेंदूतून निघून मान, छाती, पोट असा खाली उतरतो. सुरुवातीला सांगितलेलं यंत्र बसवतात ते याच व्हेगसवर.

या तलावावर दोन मोठे हक्कदार आहेत. एक स्वतः मेंदू. वजनाने तो शरीराच्या दोन टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा एकटा खातो. दुसरी रोगप्रतिकारक यंत्रणा. ती शांत असतानाही बराच वाटा घेते आणि चवताळली की तिची मागणी आणखी वाढते. ताप एक अंश सेल्सिअसने चढला तरी शरीराचा खर्च दहा टक्क्यांहून जास्त वाढतो. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गचे संधिवाततज्ज्ञ रायनर स्ट्राउब यांनी नेमका हा हिशेब मांडला आणि एक महत्त्वाचा प्रश्न विचारला: यातली एक हक्कदार वर्षानुवर्षं जास्तीचं पाणी ओढत राहिली, तर बाकीच्या बांध्यांचं काय?

## गावात आग लागली तर

आधी साधा प्रसंग घेऊ. पायात काटा मोडला, जखम चिघळली, ताप आला. तिथल्या संरक्षक पेशी रासायनिक निरोप सोडतात. या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ ही त्यातली दोन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. हे निरोप रक्तातून आणि व्हेगसमधून मेंदूपर्यंत जातात, आणि हायपोथॅलॅमस गावात आग लागल्यासारखी तलावाची सगळी फाटकं फिरवतो.

भूक मारली जाते, कारण अन्न शोधायला आणि पचवायलाही ऊर्जा लागते. अंग जड होतं, म्हणजे माणूस आडवा पडतो आणि स्नायूंचा खर्च वाचतो. मन कशात लागत नाही, माणसं नकोशी होतात. स्नायूंच्या पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात, त्यामुळे रक्तातली साखर त्यांच्यात न शिरता लढणाऱ्या पेशींसाठी आणि मेंदूसाठी मोकळी राहते. स्नायू मोडून त्यातली प्रथिनं यकृताकडे पाठवली जातात, तिथे लढाईचं सामान बनतं. लोह कुलूपबंद होतं, कारण जंतूंनाही लोह लागतं.

या सगळ्याला आपण "आंग मोडून आलं", "कसकस वाटते" असं म्हणतो. यातली एकही गोष्ट बिघाड नाही. आठ-पंधरा दिवसांसाठी ही व्यवस्था फार शहाणपणाची आहे, कारण आग विझते आणि पाणी पुन्हा बांध्यांकडे वळतं.

मात्र ती तेवढ्याच मुदतीसाठी घडलेली आहे. अंगातला साठा काही आठवडे पुरतो. हजारो पिढ्या माणूस मोठ्या संसर्गातून एक तर काही आठवड्यांत उठला, नाहीतर गेला. दहा वर्षं चालणाऱ्या लढाईची पाळीपत्रिका निसर्गाने मेंदूला दिलेलीच नाही.

## आग विझतच नाही तेव्हा

रुमॅटॉइड संधिवातात जंतू नसतो, त्यामुळे लढाई जिंकून संपण्याचा प्रश्नच येत नाही. सांध्यांतून सायटोकाइनचे निरोप रोज जात राहतात. मेंदूला मिळणारी खबर एकच असते की आग चालू आहे. मग काही दिवसांसाठी केलेली वाटणी कायमची होते आणि त्याचे परिणाम सांध्यांपासून फार दूर उमटतात.

पहिला घाला स्नायूंवर पडतो. ते झिजत जातात आणि त्यांची जागा पुष्कळदा चरबी घेते. त्यामुळे वजनकाटा तोच आकडा दाखवतो, पण माणसातली ताकद गेलेली असते. दंड, मांड्या सैल पडतात. पाण्याचा गुंड उचलत नाही, बसलं की उठवत नाही. लोक म्हणतात, अंगाने तर बरी दिसते. जेम्स पेजेट नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने सांध्यांच्या आजारात आजूबाजूचे स्नायू वाळतात हे १८७३ मध्येच लिहून ठेवलं होतं. नुसती हालचाल कमी झाल्याने एवढे वाळत नाहीत हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं.

दुसरं, रक्त. इंटरल्यूकिन-६ यकृताला हेप्सिडिन नावाचं द्रव्य सोडायला लावतं आणि ते लोहाचं कुलूप घट्ट करतं. शरीरात लोह असूनही रक्त बनवायला मिळत नाही. आपल्याकडे बायांचं हिमोग्लोबिन कमी असणं इतकं नेहमीचं झालंय की लगेच लोहाच्या गोळ्या सुरू होतात. ज्यांच्यात खरोखर लोह कमी आहे त्यांना त्या हव्यातच. पण संधिवाताच्या बाईचं हिमोग्लोबिन महिनोन्महिने गोळ्या खाऊनही चढत नसेल, तर कारण सांध्यातल्या आगीत शोधावं लागतं. आग शमली की पुष्कळदा रक्तही भरून येतं.

तिसरं, साखर आणि हृदय. इन्सुलिनचं न ऐकणं कायमचं झालं की मधुमेहाची वाट मोकळी होते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही ही धग लागते. या रुग्णांमध्ये हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा साधारण दीडपट असतो. सांधे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्या बाईचा रक्तदाब आणि साखर कोणी मोजलेलीच नसते, हे मला फार खुपतं. छातीत दुखलं तरी "वाताचंच असेल" म्हणून घरी बसवलं जातं.

आणि थकवा. हा झोपून उतरणारा थकवा नसतो, कारण तो श्रमाने आलेलाच नसतो. मेंदू "आडवा पड" हा हुकूम सोडत असतो. उदासपणाही काही अंशी त्याच निरोपांनी येतो. दुखण्याने, पैशाने, घरच्यांच्या बोलण्याने येणारी उदासी त्यावर आणखी चढते. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींवर उपचार होतात.

## सकाळीच का आखडतं?

या आजाराची सगळ्यात ओळखीची खूण म्हणजे सकाळचं आखडणं. अर्धा तास, तास, कधी दोन तास बोटं चालत नाहीत. दुपारी तीच बाई बऱ्यापैकी काम करते आणि घरात संशय वाढतो: "सकायी दुखते अन् दुपारी बरी कशी होते?"

याचं उत्तर हायपोथॅलॅमसमधल्या घड्याळात आहे. दाह, म्हणजे सूज आणि धग, आवरणारं शरीराचं स्वतःचं औषध म्हणजे कॉर्टिसॉल हे संप्रेरक. मेंदूच्या हुकुमावरून ते मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी बनवतात. मध्यरात्रीच्या सुमारास ते सगळ्यात कमी असतं, पहाटे चढायला लागतं आणि सकाळी उठण्याच्या वेळी टोकाला पोचतं. याच्या उलट, रोगप्रतिकारक यंत्रणा रात्री जास्त जागी असते. संधिवातात इंटरल्यूकिन-६ पहाटे उसळतं. ती उसळी दाबायला जेवढं कॉर्टिसॉल हवं तेवढं येत नाही. तपासलं तर आकडा सर्वसाधारण निघतो, पण एवढ्या आगीला तो अपुरा असतो. दिवस वर चढतो तसा तोल थोडा सावरतो.

२००८ मध्ये या समजुतीची कसोटी झाली. रात्री घेतलेली पण पहाटे दोनच्या सुमारास पोटात सुटणारी स्टेरॉइडची, म्हणजे कॉर्टिसॉलसारखं काम करणाऱ्या औषधाची, गोळी काही रुग्णांना दिली, इतरांना तेवढीच मात्रा नेहमीप्रमाणे सकाळी. पहिल्या गटाचं सकाळचं आखडणं जास्त कमी झालं. औषध तेच होतं, फक्त घड्याळ सांभाळलं होतं.

## "म्हणजे हा डोक्याचा आजार झाला का?"

हा प्रश्न हमखास येतो आणि त्यात भीती असते की आता डॉक्टरही म्हणणार, सगळं मनाचं आहे. तसं मुळीच नाही. एक्स-रेमध्ये हाडं कुरतडलेली दिसतात. रक्तातल्या ईएसआर आणि सीआरपी या तपासण्या दाह मोजून दाखवतात. स्वतःच्याच शरीराविरुद्ध बनलेली प्रतिद्रव्यं शोधणारी अँटी-सीसीपी नावाची तपासणी पुष्कळ रुग्णांत सकारात्मक येते. आजार शरीराचाच आहे. मेंदूही शरीराचाच भाग आहे आणि तो या आजारात बघ्याची भूमिका घेत नाही, एवढंच.

याचे दोन पुरावे मला फार बोलके वाटतात. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पुढे संधिवात झाला, तर लुळ्या पडलेल्या बाजूचे सांधे बरेचदा वाचतात आणि चांगल्या बाजूचेच सुजतात. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद केली. रक्त दोन्ही बाजूंना तेच फिरतं, फरक मज्जातंतूंचा आहे. दुसरा पुरावा जर्मनीतल्या एरलांगेनचा. तिथे २०११ मध्ये टीएनएफ अडवणारं औषध दिलेल्या रुग्णांच्या मेंदूची चित्रं घेतली. चोवीस तासांच्या आत मेंदूतली वेदनेची हालचाल मंदावली होती, सांध्यांची सूज मात्र तेव्हा होती तशीच होती. "सूज तर तेवढीच आहे, मग बरं वाटते कसं म्हणतेस?" असं कोणी विचारलं तर हे उत्तर आहे.

मानेतलं यंत्र इथूनच आलं. व्हेगस खबर वर नेतो तसा हुकूम खालीही आणतो. न्यूयॉर्कचे केविन ट्रेसी यांनी २००२ मध्ये मांडलं की या वाटेने मेंदू संरक्षक पेशींचं टीएनएफ सोडणं कमी करू शकतो. २०१६ मध्ये सतरा रुग्णांवर पहिला छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यानंतर २४२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि तिच्यावरून परवानगी मिळाली. सगळ्यांना गुण आला असं नाही, फायदा माफक आहे. पण सांध्यातली आग मज्जातंतूच्या वाटेने कमी करता येते, हे आता तर्कापुरतं राहिलेलं नाही.

## "पुडी घेतली की दोन दिवसांत पळायला लागते"

आता सगळ्यात जिव्हाळ्याचं. आपल्या बाजारांत, जत्रांत, काही दवाखान्यांतही वातावरच्या पुड्या आणि बिनकागदाच्या गोळ्या मिळतात. वर्षभर खाटेवर असलेली आजी दोन दिवसांत उठून चूल पेटवते. लोकांचा विश्वास बसणारच.

असा चमत्कार जगाने एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिला आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच यांना १९२९ मध्ये दिसलं की कावीळ झालेल्या एका रुग्णाचा संधिवात आपोआप कमी झाला. गरोदरपणातही पुष्कळ बायांना आराम पडतो हेही त्यांनी पाहिलं. शरीरच काहीतरी बनवत असणार, या विचाराचा पाठपुरावा त्यांनी सोडला नाही. २१ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांनी एका २९ वर्षांच्या, जवळजवळ अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच कुळातलं स्टेरॉइड, टोचलं. काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउश राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. आणि त्याच सुमारास या औषधाची दुसरी बाजूही दिसू लागली.

पुड्यांमध्ये पुष्कळदा हेच स्टेरॉइड सापडलेलं आहे, न सांगता, न मोजता मिसळलेलं. कॉर्टिसॉल हे चयापचयाचं फार जबरदस्त संप्रेरक आहे. ते रोज बाहेरून भरमसाट मिळालं की तोंड सुजल्यासारखं गोल होतं, पोट सुटतं, दंड-मांड्या आणखी बारीक होतात, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, दबलेला टीबी डोकं वर काढू शकतो. आधीच ज्याचे स्नायू आणि हाडं आजाराने खाल्ली आहेत, त्याच्या उरलेल्यावर हा दुसरा घाला.

याहून मोठा धोका पुडी अचानक बंद करण्यात आहे. तलावात बाहेरून पाणी येतंय हे बघून वाटणारा माणूस किल्ल्या ठेवून घरी निघून जातो. हायपोथॅलॅमस हुकूम देणं थांबवतो, अॅड्रिनल ग्रंथी आक्रसून जातात. मग एक दिवस पुडी संपते, किंवा मुलगा रागाने फेकून देतो, आणि शरीराकडे स्वतःचं कॉर्टिसॉलच नसतं. उलट्या, घेरी, रक्तदाब खाली जाणं, शुद्ध हरपणं यातलं काहीही होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून महिनोन्महिने पुडी खाल्ली असेल तर ती स्वतःच्या मनाने तोडू नका. डॉक्टरांना सांगा, ते मात्रा पायरीपायरीने उतरवतील.

"पण डॉक्टरही स्टेरॉइड देतातच की!" देतात. बहुधा थोड्या मात्रेत, थोड्या मुदतीसाठी, मुख्य औषधाचा गुण दिसेपर्यंतचा पूल म्हणून. मुख्य औषध बहुतेकदा मेथोट्रेक्सेट असतं. ते आगीच्या मुळाशी काम करतं, स्वस्त आहे, पण गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर विष ठरतं. असे अपघात खरोखर होतात. म्हणून गोळीचा वार गावच्या आठवडी बाजाराच्या दिवसाशी बांधून टाका, विसरणार नाही. सोबत डॉक्टर सांगतील तशी फॉलिक अॅसिडची गोळी, ठरल्या वेळी रक्ततपासणी आणि दारू बंद. मूल हवं असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर हे औषध चालत नाही, ते आधी बोलायला हवं. उपचार लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांत मिळाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, आणि आपल्याकडे नेमके तेच महिने पुड्यांत जातात.

## आंबट, उपास आणि जवसाची चटणी

"आंबट बंद" हे पहिलं पथ्य. चिंच, दही, संत्री सगळं बाद. पण या पदार्थांनी रुमॅटॉइड संधिवात वाढतो असा ठोस पुरावा नाही. नागपुरी संत्र्याच्या मुलखात आजारी बाईला संत्रं तोडू नये, आणि ताकाच्या वाटीवरून तर मुळीच भांडू नये. एखाद्या पदार्थाने तुम्हाला स्वतःला प्रत्येक वेळी त्रास होत असेल, तर तेवढा टाळा. तुरीच्या वरणाबद्दलही असंच. युरिक अॅसिडच्या गाऊटमध्येसुद्धा डाळींनी धोका वाढल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही, दारूने मात्र दिसलंय. झिजणाऱ्या स्नायूंना प्रथिनं हवीत: वरण, हरभरा, दूध, चालत असेल तर अंडी. भाकरीसोबत जवसाची चटणी खुशाल खा, पण तिला औषध समजू नका.

उपासाने आराम पडतो, हे म्हणणं मात्र खोटं नाही. १९९१ मध्ये नॉर्वेत रुग्णांना सात ते दहा दिवस उपाशी ठेवलं, तेव्हा दुखणं आणि आखडणं खरंच कमी झालं. साठा घटला की लेप्टिन उतरतं आणि लढणाऱ्या पेशींचा जोरही ओसरतो, हे त्याचं एक संभाव्य कारण आहे. पण उपास सुटला की आजार बहुधा परततो. ज्यांचे स्नायू आधीच गेलेत त्यांनी लांब उपास करणं म्हणजे बियाण्याचं धान्य खाणं आहे, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम पडण्याची भीती. चतुर्थी, एकादशी करा, पण डॉक्टरांना विचारून.

बिडीचं नाव मात्र थेट घेतलं पाहिजे. धूम्रपानाने हा आजार होण्याची शक्यता वाढते, हे पक्कं ठाऊक आहे. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, हिरड्या सडवतो, आणि हिरड्यांच्या जुन्या आजाराचा या संधिवाताशी संबंध आढळलेला आहे.

## "वावरात राबते ते काय कमी आहे?"

निंदणात दिवसभर उकिडवं बसणं, रोवणीत कमरेतून वाकून राहणं, हे श्रम आहेत, पण व्यायाम नाही. त्यात तेच सांधे तासन्‌तास एकाच अवस्थेत ताणले जातात आणि मांडीच्या, दंडाच्या मोठ्या स्नायूंना ताकद कमावण्याएवढं आव्हान मिळतच नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठणं-बसणं, लिटरभर पाण्याची बाटली हातात धरून दंड वाकवणं, भिंतीला हात टेकून ढकलणं, एवढंही दिवसाआड केलं तर फरक पडतो. स्नायू भरले की ते पुन्हा साखर घेऊ लागतात. सांधा लाल, गरम असेल त्या दिवशी त्याला विश्रांती, बाकीच्या अंगाला नको.

घरच्यांसाठीही यात एक काम आहे. पहाटेची पाणी भरण्याची, भांड्यांची कामं दुसऱ्या कोणी घेतली आणि त्या बाईकडे दुपारची ठेवली, तर ती तेवढंच काम कमी त्रासात करेल. शरीराच्या घड्याळाचा मान राखायला पैसे लागत नाहीत.

## सगळीच सांधेदुखी ही नव्हे

२०२४ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास चिकनगुनियाने पुष्कळांना आडवं केलं. त्यानंतरची सांधेदुखी महिनोन्महिने राहू शकते आणि दिसायला हुबेहूब या संधिवातासारखी असते. बहुतेकांची हळूहळू कमी होते. तीन महिन्यांनंतरही सूज असेल, तर नीट तपासणी हवी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. त्यात रक्तवाहिन्या तुंबून हाडं-सांधे भयंकर दुखतात, खुब्याचा गोळा निकामी होऊ शकतो. अशा मुलाला "लहानपणीच वात" म्हणून पुडी देणं फार मोठा अन्याय आहे. त्याची सिकलसेलची तपासणी झाली पाहिजे.

## दवाखान्यात काय सांगायचं?

नागपूरच्या मेडिकलला, एम्सला किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पोचायला दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं. म्हणून जाताना तयारीने जा. सकाळी बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं लागतात, हे आठवडाभर लिहून ठेवा. थकवा, झोप, भूक, उदासी यांबद्दल "हे काय सांगायचं" असं न मानता सांगा, कारण तेही आजाराचेच आकडे आहेत. वजन, रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासायला तुम्हीच आठवण द्या. आजवर खाल्लेल्या पुड्या आणि बिननावाच्या गोळ्यांपैकी जे घरात उरलं असेल, ते लाज न बाळगता पिशवीत घालून सोबत न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.